अठरा इंचाची गोष्ट

(आपल्या प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. अनेक जणींनी ‘हे आमच्या गावात वाचून दाखवायचंय’ असं सांगितलं, म्हणून बोललं तसंच छापत आहोत.)



मला विषय दिला होता ‘अवजार बँकेचं यश’. किती एकर पेरणी केली, किती भाडं जमलं, कर्जाचे किती हप्ते गेले, हे सगळं मी कागदावर लिहून आणलं होतं. ते आकडे अहवालात छापलेले आहेतच, तुमच्या हातात आहेत. रात्री मला वाटलं, आकडे वाचून दाखवायला मी कशाला पाहिजे? त्यापेक्षा अहवालात न आलेली गोष्ट सांगावी. ती गोष्ट एका पाईपची आहे. ट्रॅक्टरच्या सायलेन्सरचा पाईप, अठरा इंच. आणि त्यात माझी एक चूक आहे. तीही सांगणार आहे.

आपल्या एका ग्रामसंघानं जुना ट्रॅक्टर घेतला, हे तुम्हाला माहीत आहे. गावाचं नाव घेत नाही, त्या ताई इथंच बसल्यात, लाजतील. ट्रॅक्टर पस्तीस हॉर्सपॉवरचा. रंग उडालेला, पण इंजिन चांगलं. तो चालवायला त्याच गटातली एक तरुण ताई शिकली. पहिल्या दिवशी तिनं पंजी मारली तेव्हा बांधावर अर्धं गाव उभं होतं. कुणी कौतुकानं बघत होतं, कुणी कधी चुकतेय ते बघायला आलं होतं.

ट्रॅक्टर ठेवायला जागा मिळाली ती जुन्या गोदामाची, भाड्यानं. गोदाम बांधलं होतं पोत्यांसाठी. माणूस डोक्यावर पोतं घेऊन आत जाईल एवढंच त्याचं दार. त्याला लोखंडी शटर. आता पोत्याला धुराडं नसतं, ट्रॅक्टरला असतं. बोनेटवर उभा पाईप, त्यावर पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून छोटी झाकणाची टोपी. पहिल्याच दिवशी आत घेताना खाडकन आवाज आला. टोपी मोडली, शटरची खालची पट्टी वाकली. सगळ्या जणी ओरडल्या, ‘थांब, थांब!’

आता काय करायचं? ट्रॅक्टर बाहेर ठेवला तर बॅटरी चोरीला जाते, डिझेल काढून नेतात, पावसात वायरिंग खराब होतं. आत जायलाच पाहिजे. तिथं जमलेल्या पुरुष मंडळींनी दोन मिनिटांत निकाल दिला: ‘एवढं काय त्यात? कापा पाईप.’ वेल्डिंगवाल्याला फोन केला. त्यानं विचारलं, किती कापू? कुणीतरी म्हणालं, फूटभर. दुसरा म्हणाला, पुन्हा अडकायला नको, दीड फूट काप. आणि मी तिथंच उभी होते. अध्यक्षताईंनी माझ्याकडे बघितलं, ‘मॅडम, करायचं का?’ मी घड्याळ बघत होते, मला दुसऱ्या गावात मीटिंग होती. मी म्हटलं, ‘करा ना, काम होतंय तर.’

त्या महिन्याच्या अहवालात मी एक ओळ लिहिली, ‘शेडचा प्रश्न सोडवण्यात आला.’ ही माझी चूक.

ताईंनो, कुणीही टेप लावला नव्हता. आणि जी ताई रोज सात-आठ तास त्या सीटवर बसणार होती, तिला कुणीही विचारलं नव्हतं. पुरुषांनी विचारलं नाही, हे आपण लगेच म्हणतो. मीही विचारलं नाही. दोन वर्षं समाजकार्य शिकले, ‘सहभाग’ या शब्दावर पंधरा मार्कांचं उत्तर लिहिलं, आणि वेळ आली तेव्हा घड्याळ बघितलं.

तोंडावर आलेला धूर

पाईप अठरा इंच कमी झाल्यानं काय झालं? हे आम्ही नंतर मोजलं, ते सांगते. आधी पाईपचं टोक जमिनीपासून 85 इंचांवर होतं. आपली चालक ताई सीटवर बसली की तिच्या डोक्याचा माथा येतो 70 इंचांवर आणि डोळे 66 इंचांच्या आसपास. म्हणजे आधी धूर तिच्या डोक्याच्या हातभर वर सुटत होता. कापल्यावर पाईपचं टोक आलं 67 इंचांवर. बरोबर डोळ्यांसमोर. ट्रॅक्टर पुढं जातो, धूर मागं येतो, आणि मागं कोण बसलंय? ती.

रोटाव्हेटर लावला की इंजिनवर ताण येतो, धूर काळा होतो. ती तोंडाला ओढणी बांधायची. संध्याकाळी ओढणी धुतली तर पाणी काळं. डोळे लाल, खोकला, डोकं दुखणं. घरी सासू म्हणायच्या, ऊन लागलं असेल. ती म्हणायची, पित्त झालंय.

दीड महिना ती कुणाला बोलली नाही. मी तिला नंतर विचारलं, का गं बोलली नाहीस? ती म्हणाली, ‘ताई, मी डोकं दुखतंय म्हटलं असतं तर सगळे म्हणले असते, बघा, बाईमाणसाचं काम नाही हे. माझ्याकडनं चावी काढून घेतली असती.’

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. आपण बायांना मोठी कामं देतो, त्यांचे फोटो काढतो, मासिकात छापतो. पण काम करताना त्रास झाला तर तो सांगायची जागा देतो का? बाईनं ट्रॅक्टर चालवला की तिला दुप्पट चांगलं चालवावं लागतं, आणि त्रास झाला तर तो गिळावा लागतो. पुरुष ड्रायव्हर पहिल्या दिवशीच म्हणाला असता, ‘हा पाईप नीट करा, नाहीतर मी बसत नाही.’

पावसातली सकाळ

मग एक दिवस जास्तच झालं. जुलै महिना. झड लागली होती. गोदामाच्या एका कोपऱ्यात दोन मावश्या बसून तुरीचं बियाणं निवडत होत्या. पाऊस आत येतोय म्हणून शटर कंबरेएवढं खाली ओढलेलं. ट्रॅक्टर तीन-चार दिवस बंद होता, बॅटरी उतरू नये म्हणून चालू करून ठेवला. ‘राहू दे दहा मिनिटं,’ असं म्हणत अर्धा तास झाला.

एका मावशीला मळमळलं. दुसरी उठली तर गरगरलं, पोत्याला धरून खाली बसली. दोघी म्हणाल्या, उपाशीपोटी चहा घेतला म्हणून असेल. नशीब, एक शाळकरी पोर आजीला बोलवायला आला आणि आत आल्याबरोबर ओरडला, ‘आजी, किती धूर आहे गं!’ आत बसलेल्यांच्या नाकाला सवय झाली होती, बाहेरून आलेल्याला लगेच कळलं. त्यानं शटर वर ढकललं, ट्रॅक्टर बंद केला, दोघींना बाहेर ओट्यावर आणलं. आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सगळ्यात आधी हेच विचारलं, ‘बंद जागेत इंजिन चालू होतं का?’ दोघी बऱ्या झाल्या. पण त्या दिवशी मला रात्रभर झोप आली नाही.

तेव्हा मी वाचलं, डॉक्टरांना विचारलं. जे कळलं ते साध्या शब्दांत सांगते.

इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन, जे आपण अंगणवाडीत तपासतो, ते श्वासातला प्राणवायू अंगभर पोचवतं. हा वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. म्हणजे गाडीत सीट धरून बसला, आता प्राणवायूला जागाच नाही. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, आणि तसंच बसून राहिलं तर माणूस बेशुद्ध होऊन जीवही जातो. डिझेल इंजिनातून हा वायू पेट्रोलपेक्षा कमी निघतो, हे खरं. पण जुनं इंजिन, बंद जागा आणि अर्धा तास, एवढं झालं तर ‘कमी’ या शब्दावर विसंबून राहू नका. आणि आपल्या बायांमध्ये आधीच रक्त कमी. ज्या घरात पीठ कमी, तिथं मूठभर सांडलं तरी जास्त जाणवतं, तसं हे.

दुसरं म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी. ती इतकी बारीक असते की छातीत खोल जाऊन बसते. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर काम करणारी संस्था आहे, तिनं 2012 मध्ये डिझेल इंजिनचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. तंबाखूचा धूर ज्या गटात आहे, त्याच गटात. घाबरवायला सांगत नाही. एक दिवस धूर लागला म्हणून काही होत नाही. पण रोज, वर्षानुवर्षं तोंडावर घ्यायची ही गोष्ट नाही.

आणि धूर आपल्याला नवा आहे का? चुलीपुढं फुंकणी घेऊन आपल्या आज्यांचे डोळे गेले. 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली, गॅसच्या शेगड्या आल्या, आपण गावोगाव सभा घेऊन सांगितलं की धूर वाईट. मग स्वयंपाकघरातून काढलेला धूर आपणच ट्रॅक्टरच्या सीटवर आणून बसवला. तोही स्वतःच्या पैशानं, वेल्डिंगवाल्याला मजुरी देऊन.

मग सभा घेतली

पुढच्या आठवड्यात ग्रामसंघाची सभा लावली. मी आधी माझी चूक सांगितली. मग चालक ताईला म्हटलं, तू बोल. ती उभी राहिली, ओढणी पुढं केली. बोलली काहीच नाही, फक्त ती न धुतलेली ओढणी दाखवली. सगळ्या गप्प.

मग एकेक उपाय पुढं आला. मला यातला एकही आधी माहीत नव्हता, बायांनीच काढले. आणि बायांनीच खोडले. तुमच्या गावात हाच प्रश्न आला तर उपयोग होईल म्हणून सांगते.

पहिला उपाय, दार उंच करायचं. दारावरचा लिंटल फोडायचा. गवंडीकाम करणारी एक काकू म्हणाल्या, ‘वरची सगळी भिंत त्या लिंटलवर बसलीय. तो फोडला तर भिंत खाली. आणि गोदाम आपलं आहे का?’ इंजिनिअरला विचारल्याशिवाय आणि मालकाच्या लेखी परवानगीशिवाय हात लावायचा नाही, असं ठरलं.

दुसरा, आतली जमीन खणून खाली घ्यायची. त्यावर लगेच उत्तर आलं, मग पावसाचं पाणी सगळं आत. बियाणं, खत भिजणार.

तिसरा, पाईप आडवा करून खालून मागं काढायचा, जीपसारखा. हा मला फार आवडला होता. पण एक मावशी म्हणाल्या, ‘आणि मळणीच्या वेळी? खाली सगळं वाळलेलं काड. तापलेला पाईप काडाला लागला तर?’ माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. उभा पाईप उगाच उभा नाही. त्याची उष्णता आणि ठिणगी वर जाते, पिकापासून लांब.

चौथा, पाईपला बिजागरी लावून मुडपायचा. वेल्डिंगवाला म्हणाला, होईल. पण बिजागरीच्या सांध्यातून धूर गळतो, आणि हादऱ्यानं ती ढिली होते.

पाचवा उपाय काढला शिवणकाम करणाऱ्या ताईनं. ती म्हणाली, ‘लेकराचा फ्रॉक शिवताना आपण खाली दुमड ठेवतो, पोर वाढली की उसवतो. तसं पाईपचं करता येणार नाही का? शेतात लांब, घरात आखूड.’ म्हणजे पाईप दोन तुकड्यांचा. खालचा कायमचा, वरचा काढता-घालता येणारा. हाच उपाय ठरला.

आधी माप

या वेळी कात्री लावायच्या आधी माप घेतलं. कापलेलं कापड वाढत नाही, हे आता सगळ्यांना कळलं होतं. माप घ्यायलाही काही गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात, त्या लिहून घ्या.

एक, दाराची उंची भिंतीच्या कडेपासून मोजू नका. शटर पूर्ण वर केल्यावरही त्याची खालची पट्टी आणि कडीकोयंडा खाली लोंबतो. सगळ्यात खाली जे लोंबतं तिथपर्यंत मोजा. आणि एका जागी नाही, डावीकडे, मध्ये, उजवीकडे, तीन जागी. आमच्याकडे मध्ये 82 इंच भरलं आणि उजवीकडे 81. कमी असेल तेच खरं धरायचं.

दोन, टोपीची गंमत. इंजिन बंद असताना टोपी खाली पडलेली असते. इंजिन चालू झालं की धुराच्या जोरानं ती उघडते, उभी राहते. उभी राहिली की तीन इंच वाढतात. पहिल्या दिवशी धडकली ती टोपीच. उभ्या ट्रॅक्टरचं माप घेऊन आपण फसतो. टोपी बोटानं उभी करून मोजा.

तीन, टायर. मागचे टायर झिजलेले असताना, हवा कमी असताना माप घेतलं आणि पुढं नवीन टायर टाकले, की ट्रॅक्टर वर उचलला जातो. म्हणून हवा भरून मोजा आणि वर निदान चार बोटं मोकळी सोडा. आत जाताना ट्रॅक्टर उसळतोही.

चार, खराट्याची काडी. कागदावरचं माप बरोबर आलं तरी खात्री कशी करायची? आमच्या अध्यक्षताईंनी युक्ती केली. पाईपला खराट्याची लांब काडी सुतळीनं बांधली, जेवढी उंची ठेवायची तेवढी वर काढून. मग ट्रॅक्टर अगदी सावकाश आत घेतला. काडी लागली तर वाकेल, मोडेल, नुकसान दोन पैशांचं. पहिल्यांदा काडी वाकलीच. कारण आतली फरशी दारापेक्षा थोडी उंच होती, ते टेपला कळलं नव्हतं. काडी कमी केली, पुन्हा आत घेतला. तीन फेऱ्यांत बरोबर उंची मिळाली: 76 इंच.

पाईप असा केला

खालचा कायमचा तुकडा 76 इंचांपर्यंत नेला. म्हणजे शेडमध्ये ये-जा करतानाही धूर ताईच्या डोक्याच्या वर. वरचा सुटा तुकडा 16 इंचांचा. तो खालच्यावर चार इंच चढतो आणि बारा इंच उंची देतो. शेतात पाईपचं टोक 88 इंचांवर, आधीपेक्षाही तीन इंच उंच.

वरचा तुकडा खालच्याच्या बाहेरून बसवायचा, आत खुपसायचा नाही. असं केलं की धूर सरळ वर जातो, सांध्यावर आपटत नाही. आणि पावसाचं पाणी सांध्यातून इंजिनात उतरत नाही. सांधा क्लॅम्पनं आवळायचा. क्लॅम्प हादऱ्यानं ढिला होतो, म्हणून दर आठवड्याला पाना लावायचा.

पाईपचं तोंड मूळच्यापेक्षा बारीक करायचं नाही. घरात पडलेला बारीक पाईप आहे म्हणून लावला तर धूर अडतो, इंजिनची ताकद कमी होते, ते तापतं आणि डिझेल जास्त खातं. वेल्डिंगवाल्यानं आधी नळाचा जुना जीआय पाईप आणला होता. त्याला जस्ताचा मुलामा असतो. वेल्डिंग करताना तो जळून जो धूर होतो, त्यानं वेल्डिंगवाल्यालाच थंडी वाजून ताप येतो. आम्ही तो परत केला, साधा लोखंडी पाईप आणला. आणि वेल्डिंग ट्रॅक्टरवर केलं नाही. पाईप उतरवून, जमिनीवर ठेवून केलं. डिझेलची टाकी बोनेटजवळच असते, ठिणगी कुठं जाईल सांगता येत नाही. ट्रॅक्टरवरच वेल्डिंग करायची वेळ आली तर आधी बॅटरीच्या वायरी काढून घ्या.

पाईप, क्लॅम्प, मजुरी मिळून जो खर्च आला तो तुमच्या एका गटाच्या महिन्याच्या बचतीपेक्षा कमी होता. पहिल्यांदाच टेप लावला असता तर कापायची मजुरीही वाचली असती.

आता शेडचे नियम

हे नियम आम्ही मोठ्या अक्षरात लिहून शटरच्या आतल्या बाजूला लावलेत.

ट्रॅक्टर मागं घेत आत लावायचा, म्हणजे तोंड आणि धुराडं दाराकडं राहतं. सकाळी चालू केला की सरळ बाहेर.

शटर पूर्ण वर केल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. पाऊस असो, काही असो.

आत उभा करून इंजिन चालू ठेवायचं नाही. बॅटरीसाठी चालवायचा असेल तर बाहेर काढून चालवायचा.

ट्रॅक्टर चालू करताना आत कुणी बसलेलं नसावं. बियाणं निवडायचं, हिशोब लिहायचा, तर दुसऱ्या जागी. लेकरांना तर आत येऊच द्यायचं नाही.

संध्याकाळी शेतातून आलं की बाहेर लिंबाखाली उभा करायचा, इंजिन बंद करून निदान अर्धा तास थांबायचं. पाईप तव्यापेक्षा जास्त तापलेला असतो. मग जाड हातमोजे घालून वरचा तुकडा काढायचा. फडक्यानं धरायचं नाही, फडकं घसरतं आणि पेटतंही.

रात्री खालच्या पाईपवर रिकामा डबा उपडा घालायचा, पाणी आणि उंदीर जाऊ नये म्हणून. त्या डब्याला लाल दोरी बांधून दोरीचं टोक स्टिअरिंगला अडकवायचं. सकाळी बसताना दोरी हाताला लागते, डबा काढायची आठवण होते. ही युक्ती चालक ताईची.

आणि कुणाला आत गरगरलं, मळमळलं, डोकं दुखलं तर आधी पित्त म्हणायचं नाही. आधी बाहेर मोकळ्या हवेत आणायचं, इंजिन बंद करायचं, मग डॉक्टरकडं न्यायचं आणि डॉक्टरला ‘इंजिन चालू होतं’ हे सांगायचं. आत कुणी पडलेलं दिसलं तर स्वतः धावत आत बसून राहायचं नाही. आधी शटर उघडायचं, चार जणींना हाक मारायची.

शेवटचं

ताईंनो, एवढ्याशा पाईपवर मी इतकी बोलले. पण मला खरं बोलायचं होतं ते दुसरंच.

ट्रॅक्टर आपल्या नावावर आहे. कर्ज आपण फेडतोय. गोदामाचं भाडं आपण भरतोय. मग ‘कापा’ म्हणायचा हक्क रस्त्यावर उभ्या असलेल्यांना कसा गेला? तो त्यांनी हिसकावला नाही. आपण टेप हातात घेतला नाही, म्हणून गेला. ज्याच्या हातात माप, त्याच्या तोंडात शब्द. त्या सभेनंतर वेल्डिंगवाला पुन्हा आला तेव्हा म्हणाला, ‘किती ठेवायचा?’ अध्यक्षताईंनी वही उघडली आणि म्हणाल्या, ‘शहात्तर.’ बाजूला उभ्या मंडळींतलं कुणी काही बोललं नाही. बोलायला त्यांच्याकडे आकडा नव्हता.

आणि दुसरी गोष्ट. कोणतंही काम ठरवताना, पिठाची गिरणी असो, मसाल्याचं डंक असो, शेळीचा गोठा असो, ते काम हातानं कोण करणार आहे तिला पहिलं विचारा. सभेत ती शेवटच्या ओळीत बसलेली असते. ती म्हणेल, ‘काही नाही, चालतंय.’ त्यावर थांबू नका. दोन दिवस तिच्याशेजारी उभं राहून बघा. मी आता गावात गेले की अर्धा तास तरी ट्रॅक्टरच्या मागं शेतात चालते. घड्याळ पिशवीत ठेवते.

परवा मी त्या गावी गेले होते. ताई पंजी मारत होती. ओढणी खांद्यावर होती, तोंडाला नव्हती. मला बघून तिनं ट्रॅक्टर थांबवला आणि म्हणाली, ‘ताई, आता गाणं म्हणत चालवते.’ मी म्हटलं, इंजिनच्या आवाजात ऐकू येतं का? तर म्हणाली, ‘मला येतं की.’

घरी गेल्यावर तुमच्या ग्रामसंघात ज्या ज्या शेडमध्ये इंजिन आहे, ट्रॅक्टर, पंप, जनरेटर, काहीही, तिथं टेप घेऊन जा. धूर कुठं जातो ते उभं राहून बघा. आणि ते वहीत लिहा. पुढच्या सभेत मी प्रत्येकीची वही बघणार आहे, बरं का. आणि माझ्या अहवालात ‘प्रश्न सोडवला’ असं लिहिलेलं दिसलं, तर तुम्ही मला विचारा, ‘मॅडम, मोजलं का?’